घोड्याला गाडीत घट्ट जागा बरी?

“घोडा गाडीत घट्ट बसला की हलत नाही, म्हणून पडत नाही.” मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून पुण्याला गाडीतून घोडे नेताना हा सल्ला हमखास मिळतो. पटण्यासारखा आहे, पण घडतं उलटं. बोरघाटाच्या वळणावर घोडा तोल सावरतो तो पाय फाकवून. दोन्हीकडून फळ्या टेकल्या तर पाय पसरायचे कुठे? मग तो फळीवर रेलतो, खुर घसरतात, बिथरतो. मानही खाली घेता यायला हवी, नाहीतर श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही.

टेप घेऊन मोजा. १६ हातांचा घोडा (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच) खांद्याशी ६४ इंच भरतो, डोकं त्याच्याही वर. छत निदान ७ फूट हवं. प्रवासानंतर फळ्याही बघा: पोटाच्या उंचीला घासल्याच्या खुणा, चिकटलेले केस दिसले तर जागा अपुरी पडतेय.