कडुनिंब-गूळ

कडुनिंब-गूळ : चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला, अनशापोटी खाल्ले जाणारे कडू-गोड मिश्रण. येणाऱ्या वर्षातील सुखदुःखे आधीच पत्करून त्याला आशेने सामोरे जाण्याची भावनाही या आचाराशी जोडली गेली आहे. गुढीला कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी शेजारी-शेजारी बांधतात, तीही हीच जोडी होय.

चैत्राच्या सुमारास कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते आणि बारीक पांढऱ्या फुलांचा मोहोर येतो. ही कोवळी पाने व फुले धुऊन, त्यांत मिरे, जिरे, ओवा, हिंग, मीठ आणि गूळ, कुठे चिंच तर कुठे भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून ते सर्व पाट्यावर, आता बहुधा मिक्सरमध्ये, वाटतात. गूळ सढळ हाताने घातला तरी कडवटपणा जात नाही, आणि तो घालवायचाही नसतो. बोराएवढी गोळी थोरामोठ्यांपासून लहानांपर्यंत सर्वांच्या हातावर येते. मुले तोंड वेडेवाकडे करतात, तेव्हा ‘नुसती गिळू नकोस, चावून खा’ असे आजी बजावते आणि मग गुळाचा खडा पुढे करते.

या आचारासंबंधीच्या संस्कृत वचनांचा रोख आरोग्यावर आहे : एकात हे चूर्ण रोगशांतीसाठी खावे असे सांगितले आहे, तर दुसऱ्यात शतायुष्य, वज्रासारखा देह आणि सर्व अरिष्टांचा नाश मागितला आहे. सुखदुःखाचा अर्थ त्यांत उघडपणे येत नाही. तो लोकांनी चवीवरून लावलेला दिसतो, आणि तोच आज अधिक रुजलेला आहे. त्यातला आशावाद दुःख नाकारणारा नाही. कडू चुकणार नाही हे धरूनच वर्षाची पहिली चव घेतली जाते, आणि त्याच दिवशी पंचांगश्रवणात संवत्सरफल ऐकताना पाऊसपाण्याविषयीचे बरे-वाईट भाकीतही ऐकून घेतले जाते.

कर्नाटकात उगादीला, म्हणजे याच दिवशीच्या तिथल्या नववर्षाच्या सणाला, ‘बेवु-बेल्ल’, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, देतात. आंध्र प्रदेश व तेलंगणात ‘उगादी पच्चडी’ करतात. तीत कडुनिंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मिरची आणि मीठ यांमुळे सहा चवी एकत्र येतात आणि प्रत्येक चव जीवनातील एकेका अनुभवाची मानली जाते. मराठी गोळीत चवींची अशी वाटणी नाही. तिथे सगळा भर कडू आणि गोड या दोहोंवरच आहे.

२०२० साली पाडवा २५ मार्चला आला, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. गिरगाव, डोंबिवली येथील नववर्षाच्या शोभायात्रा त्या वर्षी निघाल्या नाहीत. हारफुले आणि गाठी न मिळालेल्या घरांनी हाताशी असलेल्या कडुनिंबाच्या डहाळीवर आणि डब्यातल्या गुळावर सण साजरा केला.