दर्याच्या पोटातली ऊब

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि काही तासांत श्रीवर्धन परिसरातल्या वाड्या आडव्या झाल्या. माड-पोफळी पडल्या म्हणजे नुसती झाडं पडली असं होत नाही. पोफळीचं नवं रोप सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेतं. त्या धक्क्यातून लोक सावरत होते, तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. तोवर आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी वादळ म्हणजे २००९ चं 'फयान'. बाकी चक्रीवादळं ओडिशा-आंध्रची, असाच समज.

तो समज चुकीचा नव्हता. अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा थंड असायचा. वादळ पोसायला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांहून ऊन लागतं; ही पायरी आपला दर्या मे महिन्यात पूर्वीही ओलांडायचा, पण बेताने. गेल्या काही दशकांत त्याच्या पृष्ठभागाचं तापमान १.२ ते १.४ अंशांनी वाढलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन कालखंड ताडून पाहिले. दुसऱ्या कालखंडात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि अतितीव्र वादळं तर दीडशे टक्क्यांनी.

एक-सव्वा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटू शकतं. पण हा आकडा पाण्याचा आहे. चहाचं आधण यायला किती वेळ लागतो, हे स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला ठाऊक असतं. पाणी सावकाश तापतं, कारण ते उष्णता भरपूर पोटात घेतं. पृथ्वीवरची सगळी हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी समुद्राचा वरचा जेमतेम तीन मीटरचा थर एका अंशात रिचवतो.

ही उष्णता येते कुठून? सूर्याकडून आलेली ऊब जमीन आणि समुद्र अवरक्त किरणांच्या रूपात परत सोडतात. हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनला त्या किरणांचं सोयरसुतक नसतं. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मात्र ते अडवतात. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळायला लागण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या पुढे आहेत. गोधडीवर गोधडी पडते आहे.

'सूर्यच जास्त तापत असेल' ही शंका नेहमी येते, आणि ती विचारायलाच हवी. तसं असतं तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, हाही तापला असता. तो थंड होत चालला आहे आणि खालचा थर तापतो आहे. ऊब गोधडीच्या आत अडकली की असंच होणार.

अडकलेल्या या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. मे महिन्यात पंखा पाचवर ठेवूनही घामाने भिजणाऱ्याला हे पटणं कठीण, पण आपल्या अंगाला लागते ती केवळ उरलीसुरली उष्णता.

समुद्र ती सांभाळून ठेवतो आणि वाफेतून परत करतो. वाफ वर जाऊन तिचे ढग झाले की तिच्यातली उष्णता मोकळी होते, हवा आणखी वर चढते, खाली दाब कमी होतो आणि भोवतालचा वारा आत धावतो. वादळाला एक उपजत लगामही असतो. ते पाणी घुसळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याचा जोर ओसरतो. पण ऊन पाण्याचा थर खोलवर गेलेला असेल, तर कितीही घुसळलं तरी वर ऊन पाणीच येतं.

पावसाचं गणितही यातलंच. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे. गंमत अशी, की त्याच भागातला मोसमी पाऊस एकूणात वाढलेला नाही, उलट घटला आहे. पेरणी करून आभाळाकडे डोळे लावायचे आणि मग एका रात्रीत बांध फुटायचा, हे दोन्ही एकाच हंगामात घडतं ते त्यामुळे.

मासळीचं दुखणं वेगळं आहे. वरचं पाणी तापून हलकं झालं की ते खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, तेलासारखं वर तरंगत राहतं. माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात सूक्ष्म वनस्पती-प्लवकांपासून होते. त्यांचं खत तळाकडच्या पाण्यात असतं, ते वर पोचत नाही. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हे प्लवक काही ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत घटले. मासे पाण्याची ऊब पाहून जागा बदलतात. एकेकाळी मलबारची म्हणून ओळखली जाणारी तारली आता उत्तरेकडे बरीच वर सरकली आहे. होडीला तसं सरकता येत नाही. तिचं बंदर ठरलेलं, डिझेलचा खर्च ठरलेला.