कोल्टन म्हणजे कोबाल्ट नाही हो!

"तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत काँगोच्या कोल्टनचं रक्त आहे" टाइपचा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, आणि त्यात बहुतेक वेळा रुबायाच्या खाणींचा फोटो. भावना ठीक आहे पण माहिती गडबडलीय. बॅटरीत जातं ते कोबाल्ट, आणि ते येतं काँगोच्या दक्षिणेला कोल्वेझी भागातून, म्हणजे रुबायापासून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर लांब! रुबाया हे पूर्व काँगोतल्या उत्तर किवू प्रांतात मासिसीच्या डोंगरातलं गाव, तिथं निघतं कोल्टन हे खनिज, त्यातून टँटलम नावाचा धातू काढतात आणि ते लागतं कपॅसिटरला, फोनच्या बोर्डावर बसवलेले बारीक दाण्याएवढे पार्ट असतात ना, ते.

दुसरं, "जगातलं ८०% कोल्टन काँगोत". हा आकडा कुणी कुठून आणला देव जाणे, कारण ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्येही टँटलमचे मोठे साठे आहेत. एकट्या रुबायातून जगाच्या १५% च्या आसपास टँटलम येतं असं सांगतात, तेही फावडी-घमेली घेऊन हातानं खणून, आता हे काय कमी आहे का?

आणि "सगळं युद्ध कोल्टनमुळेच" हेही अर्धवटच. मासिसीत जमिनीवरून मारामाऱ्या १९९३ पासूनच्या, मग १९९४ च्या शेजारच्या रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासितांचे लोंढे आले, कोल्टनचा भाव भडकला तो थेट २००० मध्ये. खनिजानं भांडण सुरू नाही केलं, पोसलं मात्र नक्की, एप्रिल २०२४ अखेर एम२३ या बंडखोर गटानं रुबाया घेतलं आणि लगेच मालावर वसुली सुरू.