रक्तसंवर्धन : पारंपरिक आणि स्वयंचलित पद्धती

रक्तात जीवाणू किंवा बुरशी आहे का, हे पाहण्यासाठी रुग्णाचे रक्त पोषक द्रवात घालून त्यातले जंतू वाढवण्याची ही तपासणी. दवाखान्यात सगळे तिला ब्लड कल्चर म्हणतात. सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव बिघडणे), विषमज्वर आणि हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांचे निदान प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून असते.

पारंपरिक पद्धतीत ब्रेन हार्ट इन्फ्यूजनसारख्या ब्रॉथच्या, म्हणजे पोषक द्रवाच्या, बाटलीत रक्त घालतात. ब्रॉथ रक्ताच्या पाच ते दहा पट असतो, त्यामुळे रक्तातल्या जंतुनाशक द्रव्यांचा जोर ओसरतो. बाटली ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला साधारण ७ दिवस ठेवतात. तंत्रज्ञ ती रोज उजेडात धरून पाहतो : द्रव गढूळ झाला का, बुडबुडे आले का, रक्तपेशी फुटल्या का. डोळ्यांना काही दिसले नाही तरी वाढ झालेली असू शकते, म्हणून ठरावीक दिवशी थोडा द्रव ब्लड अगर आणि मॅकॉन्की अगर या घट्ट पोषक माध्यमांवर पसरावा लागतो; यालाच सबकल्चर म्हणतात. मात्र बाटली उघडली की बाहेरचा जंतू आत शिरण्याची भीती असते. जीवाणुशास्त्रज्ञ कास्टानेडा यांनी १९४७ मध्ये एकाच बाटलीत अगर आणि ब्रॉथ दोन्ही ठेवून यावर तोड काढली. बाटली न उघडता नुसती कलती केली की सबकल्चर होते. साधनांची टंचाई असलेल्या प्रयोगशाळांसाठी ही पद्धत आजही मोलाची आहे.

स्वयंचलित यंत्र जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड टिपते. १९७० च्या दशकातल्या बॅक्टेक यंत्रांना त्यासाठी किरणोत्सारी कार्बन लागे. पुढे बॅक्ट/अलर्ट या यंत्रात बाटलीच्या तळाचा रंग बदलू लागला आणि नव्या बॅक्टेकमध्ये तिथली प्रतिदीप्ती (प्रकाश टाकल्यावर पदार्थाने सोडलेला प्रकाश) मोजली जाऊ लागली. दर दहा मिनिटांनी, रात्रीही, नोंद होते आणि बहुतेक खऱ्या पॉझिटिव्ह बाटल्या पहिल्या दोन दिवसांतच कळतात. त्यामुळे सहसा ५ दिवस पुरतात. नेमकी वेळ कळण्याचा आणखी एक लाभ आहे. कॅथेटरमधून, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेल्या नळीतून, घेतलेले रक्त हातातून घेतलेल्या रक्ताच्या निदान दोन तास आधी पॉझिटिव्ह आले, तर संसर्गाचे मूळ कॅथेटरमध्ये असण्याचा संशय बळावतो. दिवसातून एकदा बाटली पाहून हा फरक सापडणे शक्य नाही.

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे इंदूरकरांच्या एमवायमध्ये, माळवा आणि निमाडातून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत अनेकांनी गावीच प्रतिजैविके घेतलेली असतात. मग रक्तात जंतू असूनही ते वाढत नाहीत. स्वयंचलित पद्धतीच्या काही बाटल्यांतले रेझिन औषध शोषून घेते, त्याचा अशा वेळी खरा उपयोग होतो. तरी औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घेतलेल्या रक्ताची सर त्याला येत नाही.

रक्ताच्या प्रमाणाकडे तर अक्षम्य दुर्लक्ष होते. प्रौढाच्या १ मिलिलिटर रक्तात अनेकदा एकही जिवंत जीवाणू सापडत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवे, आणि बाटल्या निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या टोचणीतून भरायला हव्यात. त्वचा नीट निर्जंतुक केली नाही, तर तिथला स्टॅफिलोकॉकस जीवाणू बाटलीत वाढतो आणि रुग्णाला नको ती औषधे मिळतात. दोष रक्त घेतानाचा असेल, तर महागडे यंत्रही तो भरून काढू शकत नाही.

यंत्राचा इशाराही पडताळावा लागतो. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील, तर त्यांच्याच कार्बन डायऑक्साइडने खोटा इशारा मिळतो. म्हणून लगेच ग्रॅम रंजन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करून निष्कर्ष वॉर्डात फोनवर कळवतात. जंतूचे नाव आणि कोणते औषध त्याला लागू पडेल हे कळायला बहुधा आणखी एक-दोन दिवस लागतात, मग बाटली कोणत्याही पद्धतीची असो.