साखरेचा दाणा

साखरेचा दाणा म्हणजे उसाच्या किंवा बीटच्या रसातून वेगळा काढलेला सुक्रोजचा स्फटिक. घनता साधारण १.५९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर बाजूचा घन धरला तर एका ग्रॅममधे सव्वासहाशेच्या आसपास दाणे बसतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर थेट पाच हजार. खरा दाणा घनाकृती नसतो, तो एकनताक्ष (मोनोक्लिनिक) जातीचा, म्हणजे एक अक्ष कललेला आणि जरा तिरका असतो, पण हिशोबाला एवढं पुरतं.

दाणेदार साखर पहिल्यांदा कधी झाली यावर एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची फाणित (काकवीसारखा पाक), गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा अशी यादी सापडते, चरकसंहितेतही मत्स्यण्डिका, खंड, शर्करा ओळीने येतात आणि जितकं निर्मळ तितकं शीत असं सांगितलंय. अडचण अशी की दोन्ही ग्रंथांचा काळ वादात आहे, अर्थशास्त्र काहीजण इ. स. पूर्व चौथ्या शतकात नेतात तर बरेच अभ्यासक आजचा पाठ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला मानतात, आणि शिवाय यातली नेमकी कोणती पायरी सुटा स्फटिक आणि कोणती नुसता दाणेदार गूळ हे वर्णनावरून ठरत नाही. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस भारतातल्या बोरूत मिळणाऱ्या, मिठासारख्या दाताखाली फुटणाऱ्या गोड पदार्थाबद्दल लिहितो, तो साखरच असं एक मत आणि ते बांबूतलं वंशलोचन असं दुसरं. वंशलोचन गोड नसतं म्हणून पहिलं मत जास्त पटण्यासारखं आहे. त्यामानाने चिनी पुरावा ठाम आहे, तांग सम्राट ताइझोंगने इ. स. ६४७ च्या सुमारास साखर करायची रीत शिकायला मगधात माणसं पाठवली अशी नोंद आहे, म्हणजे तोवर इथलं तंत्र बाहेरच्यांनी येऊन शिकावं इतकं पुढे गेलं होतं. सावधपणे एवढंच म्हणता येईल की दाणा पडणं फार जुनं, पण दाण्यावरची मळी, म्हणजे न गोठलेला चिकट काळपट पाक, नीट वेगळी काढणं ही त्यानंतरची कला. उत्तर भारतातल्या जुन्या खांडसारीत, म्हणजे साखर करायच्या देशी पद्धतीत, राब (आटवलेला दाट रस) थंड करून दाणा पडू द्यायचे आणि वर ओली पाणवनस्पती अंथरायचे, तिचं पाणी हळूहळू झिरपत मळी खाली घेऊन जायचं.

आजची पद्धत व्हॅक्यूम पॅनची. इंग्लंडमधे एडवर्ड हॉवर्डने १८१३ च्या सुमारास ती आणली, जोरात फिरवून जाळीतून मळी बाहेर फेकणारं सेंट्रिफ्युगल मशीन एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आलं. भारतात १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर असे कारखाने भराभर वाढले, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाल्यावर महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांगच लागली.

पॅनमधे हवेचा दाब कमी ठेवला की सिरप ६०-७० अंशांवर उकळतं, साखर जळत नाही. मुख्य खेळ अतिसंपृक्ततेचा, म्हणजे पाण्यात मावेल त्याच्या किती पट साखर विरघळलेली आहे याचा. ती १ च्या खाली गेली तर असलेला दाणा विरघळतो, १ ते १.२ च्या पट्ट्यात जुना दाणा वाढतो पण नवीन जन्मत नाही, आणि १.३ च्या पुढे आपोआप बारीक दाण्यांचा पाऊस पडतो. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, तो झाला की सेंट्रिफ्युगलची जाळी बुजते, नाहीतर तो मळीबरोबर निघून जातो, साखर तेवढी वाया. म्हणून दाणा आपोआप पडायची वाट न बघता बीज टाकतात, साखर अल्कोहोलमधे बॉलमिलवर दळून केलेली स्लरी. १० मायक्रॉनचा कण १ मिलिमीटर झाला तर लांबी शंभरपट पण वजन दहा लाखपट, म्हणजे निव्वळ गणिताने ५० ग्रॅम बीजातून ५० टन साखर! प्रत्यक्षात स्लरी बहुतेक ठिकाणी हलक्या प्रतीच्या मॅसिक्विटला (दाणे आणि मळीचं दाट मिश्रण) टाकतात आणि त्यातून निघालेली साखर पुढच्या पॅनला बीज म्हणून जाते. बीज किती टाकलं त्यावर दाण्यांची संख्या ठरते आणि संख्येवर आकार, एवढं धरलं की बाकी सगळं समजतं. आता मोजमापाला उपकरणं आली, तरी अनुभवी पॅनमन प्रूफ स्टिकने, म्हणजे पॅनमधे घालायच्या दांड्याने, नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडाकडे धरून बघतो, धूसर बारीक कण दिसले की पाणी किंवा पातळ सिरप देऊन ते विरघळवतो.

ऊस तोडून फार वेळ पडला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यात डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतात, मग सिरप चिकट होतं आणि दाणा एकाच दिशेने लांबुडका वाढतो. बीटमधल्या रॅफिनोज या दुसऱ्या शर्करेनेही दाणा लांबतो, पण दिशा वेगळी.

सुकवलेली साखर चाळण्यांवरून जाते, त्यातून एस, एम, एल अशा प्रती निघतात, १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा एम आणि १.७० वर राहणारा एल. प्रत ताडून बघायचे दरवर्षीचे नमुने कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचे. गरम साखर पोत्यात भरली तर दाण्यावरचा ओलसर थर पुन्हा स्फटिक बनून शेजारच्या दाण्याला जोडतो आणि पोतं दगड होतं, म्हणून ४० अंशांच्या खाली आणूनच भरतात. बारीक धूळ मात्र स्फोटक असते, ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थला साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली.