नोकरी-शेती सांभाळून पाळकीय प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलचं वचन सांगायचं आणि सोमवारी सकाळी शाळेत, बँकेत नाहीतर वावरात हजर व्हायचं, असं जगणारे कितीतरी सेवक आपल्या विदर्भातल्या खेड्यांत आहेत. काम न सोडता सेमिनरीचं, म्हणजे पाळक (पास्टर) घडवणाऱ्या विद्यालयाचं, शिक्षण घेता येतं का, असं ते विचारतात. येतं. पण बहुतेकजण आधी फॉर्म आणतात आणि मग पाळकांची सही घ्यायला धावतात. अर्जाची सुरुवात खरं तर आपल्या मंडळीतच होते.

आधी पर्याय. 1953 मध्ये यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. अशा सेमिनरीतला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) म्हणजे पूर्णवेळ, तिथेच राहून काही वर्षं करायचा अभ्यास. घरी म्हातारे आईवडील, कोरडवाहू शेती आणि शिकणारी मुलं असली की तो जमत नाही. अशांसाठी विस्तार पद्धत आहे. 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने ती सुरू केली. खेड्यातले मंडळीचे पुढारी शेती आणि संसार सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून शिक्षकच त्यांच्याकडे जाऊ लागले. भारतात 1971 पासून बंगळूरची ‘टॅफ्टी’ ही संस्था याच पद्धतीने शिकवते. घरी रोज थोडा अभ्यास, ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर गटवर्ग, आणि मंडळीत प्रत्यक्ष सेवा, असे त्याचे तीन भाग. पदवीधरांसाठी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचा (धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या मंडळाचा) बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा बाहेरून करायचा अभ्यासक्रमही आहे.

पात्रता

बाप्तिस्मा झालेला असावा, मंडळीचं सभासदत्व चालू असावं आणि काही काळ तरी सेवेत हातभार लावलेला असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. शिक्षणाची अट अभ्यासक्रमाच्या पातळीप्रमाणे बदलते. प्रमाणपत्राला नीट मराठी वाचता-लिहिता येणं मुख्य, पदवीला बहुतेक ठिकाणी आधीची पदवी. पुस्तकं आणि परीक्षा मराठीत आहेत का, हे आधीच विचारून घ्या. चाळिशी उलटली म्हणून मागे हटू नका, ही पद्धत मुळात संसारी माणसांसाठीच निघाली. पौलही तंबू करण्याचा धंदा करून सेवा करत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3).

पण कागदावरच्या पात्रतेपेक्षा बायबलमधलं पहिलं तीमथ्य, तिसरा अध्याय मला महत्त्वाचा वाटतो; मंडळीचा पुढारी कसा असावा ते त्यात सांगितलं आहे. अर्ज भरण्याआधी तो नवरा-बायकोने सोबत बसून वाचावा. विवाहित उमेदवाराकडून जोडीदाराचं संमतीपत्र मागितलं जातं, आणि पुष्कळ घरांत ते शेवटच्या रात्री घाईघाईत लिहिलं जातं. दर पंधरवड्याला एक दिवस घराबाहेर जाणार आहे, रात्रीचा वेळ अभ्यासात जाणार आहे, हे जोडीदाराने मनापासून मान्य केलेलं असलं पाहिजे.

कागदपत्रं

बाप्तिस्म्याचा दाखला, सभासदत्वाचं पत्र, पाळकांचं शिफारसपत्र (बंद पाकिटात मागितलं तर ते उघडू नका), गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, विवाहाचा दाखला आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली साक्ष (आपल्या विश्वासाची आणि सेवेची हकिगत). मंडळीच्या समितीचा ठराव जोडला तर उत्तमच. समितीची बैठक काही दर आठवड्याला होत नाही, म्हणून हा विषय महिना-दोन महिने आधी पाळकांच्या कानावर घाला.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. माझाही पहिला अर्ज परत आला होता, कारण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं. ताईंच्या बाबतीत तर हे फारच होतं: गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा दाखला जोडला की बहुतेक ठिकाणी भागतं. नाव कायमचं बदललं असेल तर राजपत्राची प्रत लावा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर यवतमाळ, वाशिम, अकोला, बुलढाणा, अमरावतीवाल्यांनी अमरावती विभागीय मंडळाकडे, आणि चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, भंडारा, गोंदिया, नागपूरवाल्यांनी नागपूर विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

साक्ष लिहिताना भाषणाचा सूर नको. प्रभूने कधी, कशा प्रसंगात हाक दिली, आज मंडळीत तुम्ही नेमकं काय करता आणि शिकून कुठे सेवा करणार, एवढं दोन पानांत सरळ लिहा. मुलाखतीतले प्रश्न बहुधा याच दोन पानांतून येतात.

पैसे भरण्याआधी

तीन महिन्यांत ‘डॉक्टरेट’ देणारे लोक खेड्यापाड्यांत फिरतात आणि भोळ्या सेवकांची कष्टाची कमाई घेऊन जातात. मला याचं फार दुःख होतं. पदवी देण्याचा अधिकार कुठून आला, हे विचारायला लाजू नका. सेरामपूरला तो 1827 च्या डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने मिळाला आणि 1918 च्या कायद्याने पुढे चालू राहिला. इतर संस्थांना एशिया थिओलॉजिकल असोसिएशनची (धर्मशास्त्राच्या संस्थांना मान्यता देणाऱ्या संघटनेची) मान्यता आहे का, हे पाहा. फी संस्थेच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत नेमणूक, झाली असंही नाही. दीक्षा तुमची मंडळी किंवा धर्मप्रांत आपल्या नियमांनी देतो. लग्नं लावण्याचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, 1872 च्या कलम 5 मध्ये कोण विवाह लावू शकतो ते दिलेलं आहे, आणि अनेक मंडळ्यांच्या पाळकांना त्यासाठी कलम 6 खाली राज्य सरकारचा परवाना लागतो. तो नसताना गावातल्या कोणी प्रेमाने गळ घातली तरी लग्न लावू नका. त्या जोडप्याच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो.

प्रवेश झाल्यावर सेवाकार्याची वही लगेच सुरू करा: कोणत्या आजाऱ्याला भेटलात, कुठे अंत्यविधीला उभे राहिलात, रविवारच्या शाळेत काय शिकवलं. दर महिन्याला त्यावर पाळकांची सही घ्या. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग चुकणार असेल तर केंद्राच्या शिक्षकांना जूनआधीच सांगून ठेवा.