तीच रेती, आच वेगळी

पश्चिम विदर्भातल्या नाल्यांचं पाणी उन्हाळ्यात आटलं की वळणावळणावर काळ्या रेतीच्या रेघा दिसतात. जुन्या स्पीकरचा चुंबक पिशवीत घालून तीवरून फिरवा, काळे कण झुपक्याने चिकटतील. पिशवी हवीच, उघड्या चुंबकावरून ते सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. बेसॉल्ट झिजून निघालेलं हे टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं काळं ऑक्साइड. मॅग्नेटाइटचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवायला कच्चा माल म्हणून ते चांगलं, कारण त्यात दोन्ही प्रकारचं लोह आधीच असतं: फेरस एक भाग, फेरिक साधारण दोन भाग. मॅग्नेटाइटला नेमकं हेच प्रमाण लागतं.

धुऊन, बारीक दळून घेतलेल्या 10 ग्रॅम रेतीला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे 40 मिलिलिटर पुरतं. 70 अंश सेल्सिअसवर ढवळायचं, तेही धूर ओढणाऱ्या कपाटातच. घरच्या चुलीवर हा उद्योग नको. फार तापवलं तर आम्लाची वाफ उडून जाते आणि टायटॅनियमचा पांढुरका गाळ द्रव गढूळ करतो. गाळून घेतलेल्या पिवळसर द्रवात अमोनिया थेंबथेंब सोडायचा. सामू (pH) 10 च्या आसपास गेला की काळा साका बसतो, हेच ते नॅनोकण. साका तपकिरी आला, तर फेरस लोहाला हवा लागून त्याचं फेरिक झालं असं समजा. म्हणून या टप्प्यावर द्रवातून नायट्रोजन सोडतात. जुनी, गंजलेली रेती असेल तर मुळातच फेरस कमी भरतं.

खरी गंमत पुढे, वाळवताना. धुतलेला साका 60 अंशांवर सावकाश वाळवला तर बराचसा काळा राहतो. हवेत 200 अंशांच्या पुढे नेला की मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट हे दुसरं ऑक्साइड होतं: रंग तपकिरी, पण चुंबक त्यालाही ओढतो. इथेच बरेच जण फसतात. चुंबक चिकटतो म्हणजे मॅग्नेटाइटच आहे असं धरून चालतात. आणखी तापवलं, साधारण 400 ते 600 अंशांच्या दरम्यान, की लाल हेमॅटाइट, लोहाचं तिसरं ऑक्साइड. त्याचं चुंबकत्व मॅग्नेटाइटच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइटच, म्हणून लोह भरपूर असूनही साधा चुंबक त्याला फारसा ओढत नाही. वीटभट्टीतली वीट बाहेरून लाल आणि हवा न पोचलेल्या पोटात काळी निघते, त्यामागेही लोहाचा हाच हिशेब.

वजनही सांगतं. पूर्ण कोरडं 10 ग्रॅम मॅग्नेटाइट ऑक्सिजन घेऊन हेमॅटाइट झालं तर सुमारे 10.35 ग्रॅम भरतं. साका ओला असेल तर मात्र आधी पाणी उडून वजन घटतं, आणि ही वाढ त्यात झाकली जाते.

नायट्रोजनमध्ये 500 अंशांवर तापवलं तर रंग काळाच राहतो, पण कण एकमेकांना चिकटून वाढतात. सुमारे 20 नॅनोमीटरच्या आतला कण चुंबक दूर केला की चुंबकत्व सोडून देतो. वाढलेले कण ते धरून ठेवतात आणि पाण्यात त्यांच्या गुठळ्या होतात. शेवटची चूक घाईची: भट्टी 200 अंशांवर असतानाच नायट्रोजन बंद केला, तर वरचा थर तपकिरी निघतो आणि खालचा काळा.